बंद दाराआडची गाडी

चिनी भाषेत एक जुनी म्हण आहे. कँटन आणि हाँगकाँगकडच्या बोलीतही ती तितकीच रुळलेली आहे. अवघ्या चार अक्षरांची ही म्हण. तिचा सरळ अर्थ असा : 'दार लावून घेऊन गाडी बांधणे'. कारागीर घरात स्वतःला कोंडून घेतो, रंधा मारतो, आरे बसवितो, धाव चढवितो. गाडी मोठी देखणी तयार होते. मात्र दार उघडून ती रस्त्यावर आणावी तो तिची चाके कोणत्याच चाकोरीत बसत नाहीत. प्रत्यक्ष परिस्थितीकडे पाठ फिरवून कागदावर योजना रचणाऱ्यांची त्या लोकांनी अशी संभावना केली आहे. मनात मांडे खाणाऱ्यांची आपल्याकडेही वाण नाही. पण मनात मांडे खाणाऱ्याचे फार तर स्वतःचे पोट रिकामे राहते. बंद दाराआड गाडी बांधणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याची गाडी रस्त्यावर येते तेव्हा तिच्या चाकाखाली सापडतात ती दुसऱ्यांची घरे.

या म्हणीची खरी मौज तिच्या पूर्वेतिहासात आहे. मुळात ती निंदाव्यंजक नव्हतीच. बाराव्या शतकातला चिनी तत्त्वज्ञ चू शी याने ती जुनी उक्ती म्हणून दिली आहे, आणि तेथे तिला उत्तरार्धही आहे. दार लावून गाडी बांधली तरी दाराबाहेर आणताच ती चाकोरीत अचूक बसते, असा तो पूर्ण अर्थ. हे कसे शक्य होते? इ.स.पूर्व २२१ मध्ये चीन एकछत्री झाला तेव्हा पहिल्या सम्राटाने साऱ्या राज्यातील गाड्यांच्या दोन चाकांमधले अंतर एकच ठरवून दिले होते. रस्त्याचे माप कारागिराला ठाऊक होते, म्हणून दार लावले तरी बिघडत नव्हते. पुढे लोकांच्या तोंडून उत्तरार्ध गळाला, पूर्वार्ध तेवढा उरला, आणि स्तुतीची निंदा झाली. आमच्या मते सारे मर्म या गळालेल्या उत्तरार्धात आहे. योजना खोलीत बसूनच आखाव्या लागतात. भर चौकात कोणी आराखडे काढीत नाही. दोष दाराचा नव्हे. बाहेरच्या चाकोरीचे माप न घेता दार लावून घेतले जाते, दोष त्याचा आहे.

या म्हणीचे आज स्मरण होण्यास कारण आहे ते पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावाचा किनारा. मुंबईकरांस हा किनारा सुटीच्या दिवशी फेरफटक्याला जाण्याची जागा म्हणून माहीत आहे. त्याच्या दक्षिणेस खाडीपलीकडे तारापूर आहे. उत्तरेस वरोर आणि त्यापुढे वाढवण. या वाढवणसमोरच्या समुद्रात देशातील एक प्रचंड बंदर उभे राहावयाचे आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या योजनेस मान्यता दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघर येथे पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर क्षेत्रावर भराव, १० किलोमीटरहून लांब संरक्षक बांध, प्रत्येकी एक हजार मीटर लांबीचे नऊ कंटेनर धक्के, आणि बंदरास महामार्गाशी जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा नवा रस्ता, असा हा पसारा आहे.

बंदर नकोच, असा आमचा पक्ष नाही. आजची अजस्र मालवाहू जहाजे उथळ पाण्यात येऊ शकत नाहीत; वाढवणसमोर किनाऱ्यापासून फार दूर न जाता सुमारे वीस मीटरची नैसर्गिक खोली मिळते; आणि ज्या राष्ट्राला व्यापार वाढवावयाचा आहे त्याला खोल पाण्याचे बंदर लागते, हे आम्ही जाणतो. सुमारे दहा लाख लोकांस प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रोजगार मिळेल असे सरकार म्हणते. तो मिळो, अशीच आमची इच्छा आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही गाडी बांधताना चाकोरीचे माप कोणी घेतले? आणि घेतले असेल तर ते कोणाला विचारून?

एके काळी शाळेत भूगोल शिकविताना आम्ही नकाशात समुद्र निळ्या खडूने एकसारखा रंगवीत असू. जमिनीवर गावे, नद्या, डोंगर, लोहमार्ग; समुद्र मात्र एकरंगी, सपाट, रिकामा. वर्गातील एखादे कोळ्याचे पोर तो नकाशा पाहून गालात हसे. ते का हसत होते हे आम्हांस फार उशिरा उमगले. ज्याला आम्ही रिकामे निळे म्हणत होतो ते त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने वाटून घेतलेले शेत होते.

पालघरच्या समुद्रात ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. येथे डोल जाळ्याची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. डोल म्हणजे पाण्यात एका जागी बांधून ठेवलेली मोठी पिशवी. तिचे तोंड प्रवाहाकडे असते आणि भरती-ओहोटीचा जोरच मासळी तिच्यात लोटतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोराचा, म्हणून जवळा-बोंबील भरपूर; अष्टमीच्या सुमारास भांगाचे मंद पाणी, म्हणून जाळे रिकामे. जाळे बांधण्यासाठी समुद्रात खुंट रोवावे लागतात. त्यांस कवी म्हणतात. कोणाची कव कोठे, हे गावोगावच्या मच्छिमारांस तोंडपाठ असते. या कवींच्या हद्दीवरून डहाणू-सातपाटीकडच्या आणि वसई-उत्तनकडच्या मच्छिमारांत वर्षानुवर्षे वाद चालत आले आहेत. ज्या समुद्रावर हद्दीचे वाद होतात तो समुद्र रिकामा कसा म्हणावा?

किनाऱ्यालगतचा खडकाळ पट्टा ओहोटीला उघडा पडतो. त्यावरही कष्टकरी बायका कालवे, शिंपल्या, खेकडे वेचून संसाराला हातभार लावतात. त्यांच्याजवळ होडी नाही, जाळे नाही, म्हणून नोंदही नाही. शेतकऱ्याची चिकूची वाडी रस्त्यात गेली तर त्याच्या हातात सातबारा असतो. तो मामलेदारापुढे उभा राहून आपला हक्क सांगू शकतो. समुद्राला सातबारा नाही. ज्या जागेवरून प्रवाह जातो म्हणून एखाद्याची डोल भरत होती, त्या जागेचा प्रवाह बांध घातल्यामुळे दुसरीकडे वळला, तर त्याची जागा कोणी घेतली असे कागदोपत्री दिसणारच नाही. ती तेथेच असेल; फक्त जाळे रिकामे येईल. गेलेल्या जमिनीची भरपाई मोजता येते. गेलेल्या प्रवाहाची कशी मोजणार, याचे उत्तर बंदर उभे राहण्यापूर्वी मिळाले पाहिजे, कारण नंतर मोजावयास जुना प्रवाहच शिल्लक राहणार नाही.

किनाऱ्याचेही तेच. लाटा आणि प्रवाह यांच्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेने सतत सरकत असते. समुद्रात लांबलचक भिंत घातली की हे सरकणे अडते; एका बाजूस वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूस किनारा झिजतो. हा सृष्टीचा नियम आहे आणि जगातील अनेक किनाऱ्यांनी तो अनुभविला आहे. चिंचणीच्या वाट्यास यातले काय येईल याची गणिते तज्ज्ञांनी मांडली असतील. ती बरोबरही असतील. पण ती चिंचणीच्या माणसांस समजेल अशा मराठीत, त्यांच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजेत. ज्याच्या अंगणात पाणी शिरावयाचे त्यालाच उत्तराची वही दाखवावयाची नाही, असा कोणता गणिताचा शिक्षक असतो?

या तालुक्याचा इतिहास पाहिला म्हणजे शंका अधिकच गडद होते. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. वाढवणला बंदर बांधण्याची पहिली योजना या प्राधिकरणापुढे आली तेव्हा १९९८ मध्ये प्राधिकरणाने ती अमान्य केली. त्याच प्राधिकरणाने, धर्माधिकारी यांच्या निधनानंतर, ३१ जुलै २०२३ रोजी नव्या योजनेस अटींसह परवानगी दिली. मधल्या काळात काय बदलले? योजनेचे स्वरूप बदलले, बंदर किनाऱ्यापासून समुद्रात सरकले, हे खरे. पण आणखीही एक गोष्ट बदलली. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरे आणि समुद्रतळ उकरण्याची कामे 'लाल' उद्योगांच्या वर्गातून काढून 'उद्योगेतर' वर्गात घातली, आणि डहाणूतील बंदराच्या वाटेतला एक मोठा धोंडा दूर झाला. समुद्र तोच, मासळी तीच, माणसे तीच. कागदावरचा शब्द तेवढा बदलला. बंद दाराआड शब्द बदलता येतो. भरती-ओहोटीचे वेळापत्रक बदलता येत नाही.

चिंचणीच्या शेजारी तारापूर आहे, म्हणून येथील लोकांस हे ऐकीव ज्ञानाने शिकावे लागत नाही. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तेथे सुरू झाले. राष्ट्राच्या दृष्टीने ती अभिमानाची गोष्ट होती आणि आजही आहे. पण त्या केंद्राचा पुढे विस्तार झाला तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न न्यायालयापर्यंत न्यावा लागला. तारापूरची औद्योगिक वसाहत आली तेव्हा कारखाने किती आणि कसले येणार याचा आराखडा निश्चितच तयार असेल. त्यांचे सांडपाणी जिरणार कोठे, याचा हिशेब मात्र इतका मागे पडला की खाडी आणि समुद्र नासल्याची तक्रार घेऊन मांगेला समाजाच्या संघटनेस २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. खाडीचे माप कारखाना उभारण्यापूर्वी घ्यावयाचे असते. ते मासे मेल्यावर लवादापुढे घ्यावे लागले.

गावचा मच्छिमार काही बोलला की तो अडाणी, भावनाप्रधान किंवा कोणाच्या तरी चिथावणीने बोलतो, असे समजण्याची आपल्या सुशिक्षित वर्गाला सवय जडली आहे. या सवयीने आपले किती नुकसान केले याचा दाखला कोकणातच आहे. १९९२ च्या जून महिन्यात दाभोळच्या वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी सामंजस्याचा करार झाला. ही वीज महाग पडेल, एवढ्या विजेला गिऱ्हाईक मिळणार नाही, असे कारण देऊन जागतिक बँकेने १९९३ मध्ये कर्ज देण्याचे नाकारले. म्हणजे इशारा अडाण्याने नव्हे, जगातल्या सर्वांत मोठ्या सावकाराने दिला होता. तरी गाडी बांधली गेली. १९९९ मध्ये वीज निघू लागली आणि २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला, कारण त्या विजेची किंमत राज्य वीज मंडळाला झेपेना. यंत्रे उत्तम होती, अभियंते निष्णात होते. महाराष्ट्राच्या खिशाचे माप तेवढे कोणी नीट घेतले नव्हते.

याच महाराष्ट्राने उलट उदाहरणही घालून दिले आहे, आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. १९६० च्या दशकात वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे मजुरांच्या हाताला काम देण्याचा प्रयोग प्रथम लहान प्रमाणावर करून पाहिला. मजुराला काय हवे, तो किती अंतर चालून येईल, कोणते काम करील, याचे माप त्या शिवारात घेतले गेले. मग त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये साऱ्या देशासाठी कायदा झाला तेव्हा त्याने याच योजनेचा धडा गिरविला. त्या योजनेत पुढे दोष शिरले, भ्रष्टाचार झाला, हे कोण नाकारील? पण दुष्काळात ती लाखो घरांच्या उपयोगी पडली, कारण ती चाकोरीचे माप घेऊन बांधलेली गाडी होती. मंत्रालयाचे दार तेव्हाही बंदच असेल. आतल्या माणसाच्या डोक्यात मात्र विसापूरचे शिवार होते.

चिंचणीच्या मातीने तर याचा हजार वर्षांपूर्वीचा पुरावा जपून ठेवला आहे. गेल्या शतकाच्या मध्यास या गावी राष्ट्रकूट काळातील ताम्रपट सापडले. त्यांतील शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, एक पट सांगतो की संयान म्हणजे आजच्या संजाणच्या प्रदेशावर राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती नावाचा एक अरब अधिपती राज्य करीत होता. त्याने आसपासची बंदरे ताब्यात आणली, हे त्याचे शौर्य. पण ताम्रपट तेथेच थांबत नाही. त्याने दोन प्रवाहांवर विनामूल्य तरीची सोय केली आणि साळीचा भात, कालवण व तूप वाढणारे अन्नसत्र चालविले, असेही तो नोंदवितो. धर्माने परका, देशाने परका. पण बंदरावर उतरलेल्या माणसाला आधी नदी ओलांडावी लागते आणि मग भूक लागते, एवढे त्याला दिसत होते. बंदराचा अधिपती होण्यास याहून मोठी पात्रता कोणती?

आमच्या मागण्या फार नाहीत, आणि बंदर रद्द केल्यावाचून पुऱ्या होणार नाहीत अशी त्यांतील एकही नाही. पहिली ही की, समुद्राचा सातबारा तयार करा. कवी कोठे आहेत, डोली कोणत्या जागी लागतात, कोणत्या खडकावर कोणत्या गावच्या बायका वेचणीला जातात, याची गाववार नोंद मच्छिमारांना सोबत घेऊन, ग्रामसभेपुढे वाचून करा. होडी नसलेल्या बाईचेही नाव त्या नोंदीत आले पाहिजे. दुसरी ही की, भरपाई आधी आणि भराव मागाहून, हा क्रम पाळा. ज्याचे जाळे आज रिकामे झाले त्याला दहा वर्षांनी मिळणारी रक्कम म्हणजे त्याच्या मुलाची शाळा सुटल्यानंतर मिळालेली पुस्तके. तिसरी ही की, प्रवाह, गाळ, किनाऱ्याची झीज यांची मोजदाद दर महिन्याला मराठीत प्रसिद्ध करा, ती चिंचणी, वरोर, वाढवण येथील ग्रामपंचायतींत लावा, आणि देखरेख करणाऱ्या मंडळात मच्छिमार व आदिवासी यांच्या प्रतिनिधींस नावापुरते नव्हे तर मोजमाप तपासण्याच्या अधिकारासह बसवा. चौथी ही की, दहा लाख रोजगारांचा आकडा गावाच्या पातळीवर उलगडून सांगा. वरोर-चिंचणीच्या घराघरांतून चालणाऱ्या डायमेकिंगच्या धंद्यातला कुशल कारागीर, चिकूच्या वाडीवर राबणारा वारली मजूर, मासळी विकणारी मांगेलीण, यांच्यापैकी कोणाला कोणते काम मिळणार आणि त्याचे शिक्षण त्यांना कोण, केव्हा देणार?

हे सारे करावयास ७६,२२० कोटींपैकी किती पैसे लागतील? हिशेब करणाऱ्यांनी तो करावा. आमचा अंदाज असा की पैशापेक्षा नम्रता अधिक लागेल.

सरकारला चार शब्द सुनावले म्हणून आम्ही किंवा आमचे वाचक यातून सुटत नाही. वर्तमानपत्राची कचेरी हीही एक बंद खोलीच आहे. आम्ही मुंबईत बसून विकासाच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहितो, आमचे वाचक आगगाडीच्या डब्यात त्यावर वाद घालतात, आणि स्टेशन आले की उतरतात. डहाणू-घोलवडचा चिकू आम्ही खातो, तेथला बोंबील खातो, तेथल्या किनाऱ्यावर सुटी घालवितो. उद्या त्या बंदरातून येणारा स्वस्त माल आमच्याच घरात येणार आहे. म्हणजे गाडीत बसणारे आपण आणि चाकोरीत राहणारे ते, अशी ही वाटणी आहे. गाडीत बसणाऱ्याने निदान एकदा खाली उतरून चाक कोठून जाते आहे हे पाहावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

सरकारचे अभियंते हुशार आहेत, त्यांचे हेतूही आम्ही वाईट मानत नाही. त्यांनी बांधलेली ही गाडी रस्त्यावर धावावी असेच आम्हांस वाटते. म्हणूनच आमचे सांगणे एवढेच की, अजून दार उघडण्यास अवधी आहे. पहिला टप्पा पुरा व्हावयास काही वर्षे लागणार आहेत. तेवढ्यात कोणीतरी मोजपट्टी घेऊन, ओहोटीची वेळ पाहून, चिंचणीच्या किनाऱ्यावर जावे, आणि डोल ओढून परतणाऱ्या माणसाला विचारावे की पाणी कोठून कोठे जाते. तो सांगेल. आजवर त्याला कोणी विचारले नाही, एवढाच त्याचा राग आहे.